हिरडीतून रक्त येतं, मग लेझर करायचं का?

(रेडिओवर झालेलं बोलणं, गटांत वाचून दाखवता यावं म्हणून इथे छापलं आहे.)



आज आपण हिरड्यांबद्दल बोलणार आहोत. विषय निघाला तो कर्जावरून. बचत गटाच्या बैठकीत हल्ली अशी मागणी येते : 'मला दातांसाठी पैसे हवेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी हिरड्यांना लेझर करायला सांगितलंय.' मग बाकीच्या बायका आम्हाला विचारतात, हे लेझर म्हणजे नेमकं काय? ते केलं नाही तर दात पडतात का? केलं तर आजार कायमचा जातो का? आणि गटाचा पैसा त्यासाठी द्यावा का?

प्रश्न रास्त आहेत. गटातला पैसा कुणाच्या मजुरीतून आलेला असतो, कुणाच्या दुधाच्या पगारातून. तो कुणाच्या औषधपाण्याला लागला तर चांगलंच आहे, पण ज्यासाठी घेतला ते काम त्यातून व्हायला हवं. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. हिरड्यांच्या आजारात मुख्य उपचार दोनच. एक, दाताच्या मुळाशी साचलेलं किटण डॉक्टरांकडून काढून घेणं. दुसरा, रोज घरी दात नीट साफ ठेवणं. लेझर ही त्याला काही वेळा दिलेली जोड आहे. या दोन्हींची जागा ते घेऊ शकत नाही. असं का, ते आता सावकाश समजून घेऊ.

हिरडीत होतं काय?

आपण जेवतो, चहा पितो, आणि दातांवर एक चिकट, पांढरट थर बसतो. नखाने खरवडला तर हाताला लागतो. या थरात जंतू वाढतात. रोज घासला तर तो निघून जातो. राहिला तर लाळेतले क्षार त्यात मिसळतात आणि काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसाच. हेच किटण. ते एकदा घट्ट बसलं की ब्रशने निघत नाही, राखेने निघत नाही, मिठानेही निघत नाही.

किटणाच्या खडबडीत थरावर आणखी जंतू बसतात. मग हिरडी लाल होते, सुजते. घासताना किंवा भाकरी चावताना रक्त येतं. हा पहिला टप्पा. इथे आजार फक्त हिरडीत असतो, हाडाला धक्का लागलेला नसतो. किटण काढलं आणि नीट घासायला सुरुवात केली की आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. हिरडी पुन्हा पहिल्यासारखी होऊ शकते.

दुर्लक्ष झालं तर सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि दोघांमध्ये फट पडते. डॉक्टर त्या फटीला 'पॉकेट' म्हणतात, म्हणजे खिसा. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते, म्हणजे फार तर गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी. चार, पाच, सहा मिलिमीटर झाली की आपला ब्रश तिथे पोचतच नाही. आत किटण आणि जंतू वाढत राहतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. ओढ्याच्या काठचं झाड पाहा. पावसाळ्यागणिक मुळाखालची माती वाहून जाते, झाड मात्र वरून हिरवं दिसत राहतं. तसंच हे. तोंडाला वास येतो, हिरडी दाबली तर पू येतो, दातांत फटी पडतात, दात लांब दिसू लागतात आणि शेवटी हलतात. याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत पहिल्यासारखं भरून येत नाही. उपचाराने आजार आहे तिथे थांबवता येतो. म्हणून लवकर जाण्याला महत्त्व आहे.

हा आजार सगळ्या जगात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. तो बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. दाढ किडली तर माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडी मात्र गुपचूप जाते.

'माझ्या हिरडीतून रक्त येत नाही'

असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना आम्ही एकच विचारतो : मशेरी लावता का? आपल्याकडे सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं अनेकजणी म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने दात साफ होतात हा समज चुकीचा आहे. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत आजार असला तरी रक्त कमी येतं आणि बाईला वाटतं, आपलं ठीक आहे. मशेरी जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी मागे सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. दात घासायच्या वस्तूत तंबाखूचं काही काम नाही, हे कायद्यानेही मानलं आहे.

आणखी दोघींनी जास्त जपायचं. पहिली, जिला शुगर आहे ती. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत सूज असेल तर साखर ताब्यात यायला जड जातं. एकीचा दुसरीला त्रास होतो. दुसरी, पोटुशी बाई. गरोदरपणात शरीरात जे बदल होतात, त्यामुळे हिरड्या लवकर सुजतात. 'पोटात बाळ आहे, दातांचं नंतर बघू' असं घरात म्हणतात, पण गरोदरपणात दात साफ करून घेता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. डॉक्टरांना कितवा महिना आहे ते आधी सांगायचं.

'दात साफ केले की दात हलतात'

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. 'माझ्या जावेने दात साफ करून घेतले आणि दोन महिन्यांत हलायला लागले.' या भीतीने किती बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आणि याच भीतीमुळे लेझर बरं वाटतं, कारण त्यात खरवडणं नाही असा समज असतो.

खरी गोष्ट अशी. हाड आधीच झिजलेलं असतं. किटणाचा जाड थर दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो आणि फटी बुजवून टाकतो. तो काढला की झाकलेलं उघडं पडतं. फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं, दात थोडा सैल वाटतो. हिरडीची सूज उतरल्यामुळेही दात लांब दिसतो. झोंबणं बहुधा काही दिवसांत कमी होतं. दात हलतो तो हाड गेल्यामुळे. त्या जावेने दात साफ करून घेतले हे चुकलं नाही, तिला यायला उशीर झाला इतकंच. किटण तसंच ठेवलं असतं तर हाड आणखी गेलं असतं.

नेहमीचा उपचार कसा होतो?

आधी डॉक्टर एका बारीक, खुणा केलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवतीची फट मोजतात. गरज वाटली तर एक्स-रे काढून हाड किती उरलं ते बघतात. ही मोजणी न करता उपचार ठरवणं म्हणजे जमीन न बघता खत टाकण्यासारखं आहे.

मग दात साफ करतात. त्याला स्केलिंग म्हणतात. मशीनचं टोक फार वेगाने थरथरतं, त्यातून पाणी येतं आणि किटण सुटतं. फट खोल असेल तर हिरडी बधिर करून मुळावरचंही किटण काढतात. हे एका बैठकीत होईलच असं नाही. दोन-चार वेळा जावं लागतं. त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून फट मोजतात. बहुतेक ठिकाणी ती कमी झालेली असते. जिथे खोलच राहिली तिथे पुढचा विचार करतात. कधी हिरडी थोडी उघडून आतून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया लागते.

लेझर म्हणजे काय?

लेझर हा प्रकाशच आहे, पण दिव्यासारखा चहूकडे पसरणारा नव्हे. तो एकाच रंगाचा असतो, एका सरळ रेषेत जातो आणि त्याची सगळी ताकद एका बारीक ठिकाणी एकवटते. जगातलं पहिलं लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवलं. पुढे डोळ्यांपासून मूतखड्यापर्यंत अनेक उपचारांत ते आलं आणि दातांच्या दवाखान्यातही पोचलं.

दातांसाठी लेझरचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. दातांच्या दवाखान्यांत बरेचदा दिसतं ते डायोड लेझर. ते छोटं आणि त्यातल्या त्यात स्वस्त असतं. केसासारख्या बारीक तारेतून त्याचा प्रकाश येतो. तो रक्ताच्या आणि हिरडीच्या रंगात शोषला जातो, तिथे उष्णता तयार होते, हिरडी कापली जाते आणि रक्त तिथल्या तिथे थांबतं. वाढलेली हिरडी छाटायला ते सोयीचं पडतं. पण लक्षात ठेवा, डायोड लेझरने किटण निघत नाही. दगडासारखं बसलेलं किटण त्या प्रकाशाने सुटत नाही. ते काढायला मशीन आणि हत्यारच लागतं.

दुसरा प्रकार आहे अर्बियम लेझर. त्याचा प्रकाश पाण्यात शोषला जातो, त्यामुळे ते किटणावर आणि हाडावरही काम करू शकतं. पण ते यंत्र खूप महाग असतं.

मग हिरड्यांच्या आजारात डॉक्टर लेझर वापरतात ते कशासाठी? किटण काढून झालं की फटीत लेझरची तार फिरवतात. त्याने आतले जंतू कमी होतील, सुजलेला आतला थर निघून जाईल, अशी कल्पना असते. यात खोटं काही नाही. प्रश्न एवढाच की त्यामुळे नुसत्या साफ करण्यापेक्षा फायदा किती जास्त होतो?

यावर जाणकारांनी अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले आहेत. अमेरिकेतल्या हिरड्या-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली सांगितलं की लेझरची जोड दिल्यावर मिळणारा जास्तीचा फायदा माफक असतो, एक मिलिमीटरपेक्षाही कमी. युरोपातल्या हिरड्या-तज्ज्ञांच्या महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तर असा सल्ला दिला की मुळावरचं किटण काढताना जोड म्हणून लेझर वापरू नये. सहा मिलिमीटरची फट नुसत्या नीट साफ करण्याने चारवर येत असेल, तर लेझरने तीत फार मोठा फरक पडेल असं धरून चालता येत नाही, हा याचा अर्थ.

आणि लेझर म्हणजे काहीच धोका नाही असंही नाही. ती उष्णता आहे. ताकद जास्त ठेवली किंवा एका जागी तार जास्त वेळ थांबली तर हिरडी, मूळ, हाड भाजू शकतं. त्याचा प्रकाश डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून लेझर चालू असताना डॉक्टर, मदतनीस आणि तुम्ही, तिघांच्याही डोळ्यांवर त्या यंत्रासाठीचा खास चष्मा हवा. चष्मा दिला नाही तर मागून घ्या. यात लाजायचं काही नाही.

मग लेझर कधीच करू नये का?

तसं आमचं म्हणणं नाही. हिरडी वाढून दातावर आली असेल आणि ती छाटायची असेल, तर लेझरने रक्त कमी जातं आणि बरेचदा टाका लागत नाही. काही ठिकाणी डॉक्टरांना ते खरंच सोयीचं वाटतं. तुम्हाला परवडत असेल, डॉक्टर त्यात शिकलेले असतील आणि आधी किटण नीट काढून होणार असेल, तर जरूर करा. पण 'लेझर परवडत नाही म्हणून उपचारच नको' असं कुणी म्हणत असेल, तर तिला थांबवा. साध्या पद्धतीने दात साफ करून घेणारी बाई कमी दर्जाचा उपचार घेत नसते. तोच मुख्य उपचार आहे.

आणि उलटंही सांगायला हवं. लेझर केलं, पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मशेरी सुरू, रात्री घासणं नाही, पुन्हा तपासायला जाणं नाही, तर काही महिन्यांत जंतू पुन्हा तिथेच बसतात. एकदा करून कायमचा सुटेल असा हा आजार नाही. शुगरसारखा तो सांभाळावा लागतो.

डॉक्टरांना काय विचारायचं?

हे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना सोबत कुणाला तरी घ्या.

१. माझा आजार फक्त हिरडीत आहे की हाडापर्यंत गेला आहे? फट किती मिलिमीटर आहे?
२. आधी किटण काढणार ना? लेझर त्याच्यानंतर आहे की त्याच्याऐवजी?
३. लेझर केलं नाही तर माझ्या बाबतीत नेमकं काय कमी पडेल?
४. किती वेळा यावं लागेल आणि सगळा खर्च मिळून किती? कागदावर लिहून द्याल का?
५. उपचारानंतर फट पुन्हा कधी मोजणार?

दुसऱ्या प्रश्नाला 'त्याच्याऐवजी' असं उत्तर आलं, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आपणही त्यांना सगळं सांगायचं : शुगर, रक्तदाब, हृदयाचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण. मशेरी लावत असाल तर तेही.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, अनेक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. तुमच्या जिल्ह्यात खाजगी दंत महाविद्यालय असेल तर तिथेही चौकशी करा. रस्त्याच्या कडेला किंवा बाजारात बसून दात साफ करून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

घरी काय करायचं?

मऊ ब्रश घ्या. दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यावर तो तिरका धरा, हलक्या हाताने लहान लहान गोल फिरवा. दोन मिनिटं, सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. रात्रीचं चुकवू नका. जोर लावून घासलं की जास्त साफ होतं असं नाही, त्याने दात झिजतात. रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका. तिथे जंतू आहेत म्हणूनच रक्त येतंय. फटी असतील तर त्यात फिरवायचा छोटा ब्रश मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. राख, विटेची पूड, कोळसा नको. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, पण किटण जात नाही.

मशेरी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर वाट न बघता दाखवा.

गटाने कर्ज द्यावं का?

हिरड्यांच्या उपचाराला जरूर द्यावं. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, काकडी, सगळं ताटातून जातं आणि बाई चहात पाव बुडवून दिवस काढते. अंगात ताकद कुठून येणार? फक्त पैसे देण्याआधी वरचे पाच प्रश्न विचारून झाले आहेत का, एवढं बघा. आणि कर्ज लागण्याआधीच एक काम करता येईल. येत्या बैठकीत उजेडात बसून प्रत्येकीने आपल्या हिरड्या आरशात बघा. लाल, सुजलेली, मागे सरकलेली हिरडी दिसली, तर चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. गाडीभाडं वाटून निघेल, एकीला दुसरीची सोबत होईल, आणि हिरडीचं दुखणं पहिल्या टप्प्यात सापडलं तर लेझरचा प्रश्नच यायचा नाही.

तुमचे आणखी प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.